लग्नाचे फोटो आधी कुणी टाकायचे?

निळीशाई:
गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. विधी सुरू व्हायला अर्धा तास होता आणि ती आतल्या खोलीत आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. खोलीत आम्ही पाचच जणी होतो. त्यातल्या एका नातेवाईक बाईंनी फोटो काढला आणि बहीण स्टेजवर पोचायच्या आत तो सगळ्या जगाला दिसेल असा टाकूनही दिला. तिच्या ऑफिसातल्या लोकांनी तो तिच्याआधी पाहिला. रात्री तिने फोन हातात घेतला तेव्हा सगळ्यात वर मेसेज होता, "रडत का होतीस? सगळं ठीक ना?" लग्नाच्या दिवशी तिला आधी त्याचं उत्तर द्यावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं असं: ज्यांचं लग्न आहे ते स्वतः पहिला फोटो टाकत नाहीत तोवर पाहुण्यांनी एकही फोटो बाहेर टाकू नये. आणि ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला विचारल्याशिवाय नंतरही टाकू नये. मित्रांबरोबरच्या सहलीलाही हेच लागू.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. त्या दिवशी मी 412 फोटो काढले. बाबा बहिणीला जवळ घेऊन काहीतरी बोलले, मी तीन पावलांवर उभी होते, आणि ते काय बोलले ते मला आठवत नाही. फोटोत त्यांचे ओठ हलताना दिसतात. नंतर वाचत गेले तर यावर संशोधन झालेलं आहे. फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही नुसत्या बघायला लावल्या. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. 2014 साली हा अभ्यास छापून आला. 2017 मध्ये बराश, डील वगैरे संशोधकांना असं दिसलं की स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवतं, पण ऐकलेलं कमी. माझ्या बाबतीत तंतोतंत हेच झालं.

तिसरीओळ:
तुमच्या बहिणीच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही.

माझ्या आईचा शेवटचा चांगला फोटो एका लग्नातला आहे. ती तिसऱ्या ओळीत बसली होती, शेजारणीने काहीतरी सांगितलं आणि ती मनापासून हसली. तो कुणीतरी सहज काढला आणि न विचारता सगळ्यांना पाठवला. लग्नाच्या फोटोग्राफरच्या दोन हजार फोटोंमध्ये आई एकदाच आहे, स्टेजवर, अवघडून उभी. त्याची चूक नाही, त्याचं लक्ष नवरा-नवरीकडे असणार. तिसऱ्या ओळीतली माणसं पाहुण्यांच्या फोनमध्येच सापडतात. तो माणूस परवानगी मागत बसला असता तर ते हसू कधीच विरलं असतं.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर हेन्केल यांच्याच प्रयोगात वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपणाऱ्यांची आठवण शाबूत राहिली होती. म्हणजे कसं बघतो यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही ज्यांची नावं घेतलीत त्यातल्याच काही जणांनी 2016 मध्ये दाखवलंय की फोटो काढल्याने माणसं अनुभवात जास्त गुंततात आणि त्यांना जास्त आनंद मिळतो. 412 जास्त झाले असतील, पण म्हणून कॅमेऱ्याला दोष कशाला?

निळीशाई:
@तिसरीओळ, आईंबद्दल वाचून खरंच थांबले. तो फोटो काढला गेला हे फार चांगलं झालं.

पण तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. काढायला परवानगी मागा असं मी म्हटलेलंच नाही. बाहेर टाकण्याबद्दल बोलतेय. आणि आनंदाचंच काढलंत तर याच मंडळींचा 2018 चा अभ्यासही बघा: समाजमाध्यमावर टाकायच्या हेतूने फोटो काढणाऱ्यांचा आनंद स्वतःसाठी काढणाऱ्यांपेक्षा कमी भरला. कारण आपण लोकांना कसे दिसू ही काळजी मध्ये येते. सुट्टीवर मी हे अनुभवलंय. सूर्य समुद्रात बुडत असतो आणि डोक्यात फोटोखालची ओळ जुळत असते.

उंबरठा:
लग्नाचं तुम्ही ठरवा, मी सहलीबद्दल लिहितो, कारण तिथे प्रश्न सुरक्षेचा आहे.

सहल चालू असताना फोटो टाकणं म्हणजे घर रिकामं आहे हे जाहीर करणं. परत आल्यावर टाका, फोटो कुठे पळून जात नाहीत. त्याशिवाय फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते: कधी काढला, कोणत्या फोनने काढला, आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला किंवा मूळ फाइलची लिंक दिली तर ती सोबत जाऊ शकते. फोटो स्पष्ट यावा म्हणून आपण नेमकं हेच करतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करायला दहा सेकंद लागतात. आणि विमानतळावर बोर्डिंग पास हातात धरून फोटो टाकू नका. त्यावरचा आरक्षण क्रमांक आणि आडनाव एवढ्यावर अनेक विमान कंपन्यांच्या साइटवर तुमचं बुकिंग उघडतं.

लहान मुलांबाबत तर मी कुठलीच सवलत द्यायला तयार नाही. नेदरलँड्समध्ये 2020 साली एका आजीने नातवंडांचे फोटो फेसबुकवर ठेवले होते, मुलांची आई ते काढून टाका म्हणून सांगत होती, आजी ऐकेना. कोर्टाने फोटो काढून टाकायला लावले, नाहीतर दिवसाला 50 युरो दंड. युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, पण कुणालाही दिसेल अशा जागी टाकलेला फोटो घरगुती कसा म्हणायचा, असा तो मुद्दा होता. मला तो निकाल पूर्ण पटतो.

रानवाट:
@उंबरठा, परत आल्यावर टाका हे सगळ्यांना जमत नाही. मी एकटी डोंगरात फिरते. रोज संध्याकाळी घरी एक फोटो जातो, मागे काय आहे ते दिसेल असा. मी कुठवर पोचले ते आईला त्यावरून कळतं. फोटो आला नाही तर ती फोन करायला लागते. माझी सुरक्षा त्या फोटोत आहे.

उंबरठा:
@रानवाट, आईला जरूर पाठवा, लोकेशनसकट पाठवा. माझा आक्षेप सगळ्यांना दिसणाऱ्या फोटोला आहे.

तिसरीओळ:
त्या आजीचा निकाल वाचून मला मात्र वाईट वाटलं. आईचा हक्क मोठा, मान्य. पण नातवंडाचा फोटो चारचौघांना दाखवणं यात आजीला गुन्हा वाटणारच नाही. तिच्या हातात आयुष्यभर अल्बम होता, आता फोन आहे. आणि फोटो तत्काळ पाठवण्याची सुरुवातच मुळी बाळापासून झाली. 11 जून 1997 ला फिलिप कान यांनी मुलीच्या जन्मानंतर प्रसूतिगृहातूनच मोबाइलला डिजिटल कॅमेरा जोडून तिचा फोटो दोन हजारांहून जास्त लोकांना पाठवला. आनंद अनावर झाला की माणूस दाखवणारच.

निळीशाई:
कान त्या बाळाचे वडील होते, आणि पाठवला ओळखीच्यांना. माझ्या बहिणीचा फोटो टाकणाऱ्या बाईंना असा काय अधिकार होता?

जुनारोल:
मी बरीच वर्षं लग्नांचे फोटो काढतोय, फिल्मच्या काळापासून. @निळीशाई यांच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं आहे.

मुख्य क्षण सेकंदाभराचा असतो आणि नेमका तेव्हा कुणाचा तरी फोन धरलेला हात माझ्या लेन्ससमोर येतो. मागे बघावं तर नवरीच्या सख्ख्या माणसांचे चेहरे फोनआड गेलेले. त्या चेहऱ्यांवरचा भाव हाच खरा फोटो असतो आणि तो मला मिळत नाही. हल्ली मी घरच्यांना आधीच सुचवतो की पहिली दहा मिनिटं फोन खाली ठेवायला सगळ्यांना सांगा, नंतर हवे तेवढे काढा. ज्यांनी ऐकलं त्यांच्या अल्बममध्ये फरक दिसतो.

रोलमध्ये 36 फोटो मिळायचे. विचारत तेव्हाही कुणी नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण प्रिंट हातोहात फिरायची आणि घरातच राहायची. @तिसरीओळ, अल्बम आणि फोन यात मला दिसणारा फरक तो हाच: अल्बम कुणी उघडायचा ते घर ठरवत होतं.

तुमच्या आईंच्या फोटोबद्दल मात्र कळकळीने विचारतो, तो ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल घेतलीत का? व्हॉट्सॲपवर आलेली प्रत लहान करून आलेली असते. मोठी प्रिंट काढायला गेलात की चेहरा मऊ, म्हणजे धूसर पडतो. मिळाली तर तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. नुसत्या क्लाउडच्या भरवशावर राहू नका. गुगल फोटोजने 1 जून 2021 पासून मोफत अमर्याद जागा बंद केली, आणि 15 जीबी भरले की नवे फोटो चढत नाहीत. कित्येकांच्या हे महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही.

तिसरीओळ:
@जुनारोल, नाही घेतली. डोक्यातच आलं नाही. आजच विचारतो, आभार.

दहा मिनिटांचं मला पटतं. पण "आधी नवरा-नवरी, मग बाकीचे" यावर मी अजून अडलेलोच आहे. काही जोडपी फोटो तीन महिन्यांनी टाकतात. आजारपणामुळे येऊ न शकलेल्या काकांनी तोवर काय बघायचं?

निळीशाई:
काकांना थेट पाठवा ना, त्याच संध्याकाळी पाठवा. रानवाट आईला पाठवते तसं.

एक सांगायचं राहिलं. बहिणीने त्या बाईंना फोन करून फोटो काढून टाकायला लावला. त्या दुखावल्या, अजून धड बोलत नाहीत. पण त्याच फोनवर बहीण त्यांना म्हणाली, तो फोटो मला पाठवा. आई आणि तिचा त्या दिवसातला तो एकच फोटो आहे ज्यात दोघी कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत.

तिसरीओळ:
म्हणजे त्या बाईंनी फोटो काढला हे बरंच झालं की.

निळीशाई:
हो. काढला ते बरं झालं. तिला विचारायला त्यांना अर्धा मिनिट लागला असता, दार उघडंच होतं. आणि मूळ फाइल मागून घ्यायला सांगते बहिणीला, आली ती व्हॉट्सॲपवरच आलीय.