पिढ्या पुरेल इतकं असताना सत्ता कशाला हवी?

लष्करवासी:
निवडणूक जवळ आली की ग्वाल्हेरात बाड्यावरच्या चौकात हा विषय निघतोच. ज्यांना काही कमी नाही, ते मतं मागत उन्हात का फिरतात? माझं ठाम मत असं की मोठी संपत्ती सरकारी कागदावर उभी असते. शेतजमिनीचा अकृषिक परवाना, खाण, दारूचा ठेका, सगळं एका सहीनं मिळतं आणि एका सहीनं जातं. म्हणून सही करणारा हात आपलाच असावा असं वाटतं. थायलंडचे थाकसिन शिनावात्रा दूरसंचार उद्योगातून येऊन २००१ मध्ये पंतप्रधान झाले. जानेवारी २००६ मध्ये तिथे दूरसंचार कंपन्यांतली परदेशी मालकीची मर्यादा २५ वरून ४९ टक्के झाली. काही दिवसांतच त्यांच्या कुटुंबानं शिन कॉर्प या आपल्या दूरसंचार कंपनीतला हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला सुमारे ७३ अब्ज बाहतला विकला, तोही कर न भरता. याला लोकसेवा कसं म्हणायचं?

जीवाजीगंज:
दादा, व्यापाऱ्याचा हिशेब राजघराण्याला लावू नका. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे १९५७ मध्ये गुण्यातून खासदार झाल्या, तेव्हा संस्थानिकांना सरकारकडून मिळणारा तनखा चालूच होता. १९६७ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली आणि मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पडलं. त्यात कुठली खाण वाचवायची होती? ज्यांच्यापुढे कालपर्यंत दरबार भरत होता, त्यांना कलेक्टरच्या दारात ताटकळणं सहन होत नाही. प्रश्न मानाचा आहे.

लष्करवासी:
मान आणि मालमत्ता वेगळी कशी करणार? तनखा दिल्लीतल्या मतदानावर अवलंबून होता. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं तो बंद झालाच ना? तिथे आपलं माणूस हवं, हे कुठल्याही संस्थानिकाला वाटणारच.

जीवाजीगंज:
आणि त्या वर्षी विजयाराजे आणि त्यांचा मुलगा माधवराव दोघंही लोकसभेत होते! तरी तनखा गेला. तुमच्या हिशेबानं तर दोघांनी दुसऱ्या दिवशी राजकारण सोडायला हवं होतं.

नयाबाजारची_सून:
तुम्ही दोघं श्रीमंतांच्या मनात शिरताय. मला वाटतं, जरा पक्षांकडे बघा. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. इतका पैसा ओतायचा तर तो देणारे लागतात, नाहीतर स्वतःच्या खिशातून लढणारा उमेदवार. आमच्या वॉर्डात एक निवृत्त शिक्षक आहेत. कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी येतं, हे त्यांना तोंडपाठ. नगरसेवकाचं तिकीट मागायला गेले, तर पहिला प्रश्न आला, "खर्चाचं कसं करणार?" तिकीट दुसऱ्याला मिळालं. याचा मला अजून राग येतो.

जीवाजीगंज:
ताई, पण पैशानं मतं मिळतातच असं नाही. अमेरिकेत २०२० मध्ये अब्जाधीश ब्लूमबर्ग यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सुमारे १०० कोटी डॉलर ओतले आणि फक्त अमेरिकन सामोआ हा छोटा बेटांचा प्रदेश जिंकला. माधवरावांचे चिरंजीव ज्योतिरादित्य २०१९ मध्ये घरच्या गुण्यात हरले.

नयाबाजारची_सून:
हरले तरी त्यांना उभं राहता आलं. आमच्या शिक्षकांना हरायचीही संधी मिळाली नाही.

लष्करवासी:
हे पटलं. सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ ला देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्याचे निवडणूक रोखे रद्द केले, कारण पक्षाला पैसा कोण देतं हे मतदाराला कळलं पाहिजे. आता पक्षाच्या खर्चालाही मर्यादा हवी. मग परवान्यासाठी सत्ता हवी असणाऱ्यांची वाट तरी अवघड होईल.

जीवाजीगंज:
मर्यादेला माझा पूर्ण पाठिंबा. पण १९८४ मध्ये माधवरावांनी इथे वाजपेयींना हरवलं, ते निव्वळ खर्चाच्या जोरावर हे मी मानणार नाही. लोक त्यांना महाराज म्हणत होते, आणि त्याला खर्चमर्यादा कशी लावणार?