‘बँक’ : नोंद एक की तीन?

पदच्छेद : अनेक इंग्रजी कोशांत ‘बँक’च्या तीन नोंदी सापडतात: नदीचा काठ, पैशांची पेढी आणि वल्ह्यांची किंवा स्विचांची रांग. तिन्हींचं मूळ मात्र एकच, बाक-उंचवटा अशा अर्थाचा जर्मानिक शब्द. मग एकाच नोंदीत अर्थ क्रमाने का लावू नयेत?

तळटीप : कारण इंग्रजीत ते तीन वाटांनी आले. काठ १२००च्या सुमारास स्कँडिनेव्हियन भाषांकडून. डॉगर बँकसारखे समुद्रातले उथळ उंचवटे त्यातलेच. पेढी पंधराव्या शतकाच्या अखेरीस, इटालियन ‘बांका’ म्हणजे सराफाचं बाक किंवा मेज, त्यावरून. रांग जुन्या फ्रेंचमधून: आधी वल्हेकऱ्यांचं बाकडं, मग वल्ह्यांची ओळ, मग कसलीही ओळ. मुळावरच जायचं तर ‘बेंच’ आणि ‘बँक्वेट’ही (इटालियनमध्ये ‘छोटं बाक’) त्याच नोंदीत कोंबावे लागतील!

पदच्छेद : ती रूपं वेगळी आहेत, गैरलागू. मी एक रूप, एक मूळ असलेल्यांबद्दल बोलतोय. स्पॅनिश ‘बांको’ बाक, पेढी आणि माशांचा थवा तिन्ही सांभाळतो, कुणाचं अडत नाही.

तळटीप : आणि जर्मन? एकवचन ‘बांक’ एकच, पण बाकांचं अनेकवचन ‘बेंके’, पेढ्यांचं ‘बांकेन’. बोलणाऱ्यांनीच फाळणी केली आहे.

शंकेखोर : व्युत्पत्ती बाजूला ठेवून कसोटी लावा. दोन्ही अर्थ एकाच शब्दावर टांगायचे: ‘बँक चिखलाने माखली होती आणि दहाला उघडली.’ कोटी झाली, म्हणजे शब्द दोन. ‘ब्लड बँक’ मात्र पेढीचाच विस्तार: शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात १९३७ साली बर्नार्ड फँटस यांनी हे नाव दिलं, ठेवायचं आणि लागेल तेव्हा काढायचं या साम्यावरून. तिला उपअर्थ पुरे.

पदच्छेद : कसोटी फसवी आहे. ‘पेपर पावसात भिजला आणि त्याने संपादक बदलला’ हीही कोटीच, पण तिथे दोन शब्द कुणी मानत नाही. आणि वळताना विमान एका पंखावर कलतं, तेही ‘बँक’च. उताराचा अर्थ असल्याने ते काठाच्या नोंदीत बसतं. तुमच्या कसोटीने त्याला चौथी नोंद द्यावी लागेल.

वाचक : दिवाळखोर सराफाचं बाक फोडायचे, त्यावरून ‘बँकरप्ट’ ना?

तळटीप : शब्दार्थ ‘मोडलेलं बाक’ (इटालियन ‘बांका रोत्ता’) हे खरं. पण बाक खरोखर फोडत, याला भक्कम पुरावा नाही. ‘मोडलेलं’ म्हणजे ‘बुडालेलं’ एवढंच पुरतं. त्यातला ‘प’ तर इटालियन ‘रोत्ता’त नाहीच, लॅटिन ‘रुप्तुस’च्या (मोडलेला) वळणावर मागाहून घातलेला. गंमत म्हणजे आपलं ‘बाक’ पोर्तुगीज ‘बांको’वरून आणि ‘बँक’ इंग्रजीतून. मराठी कोशातही मूळ एक, नोंदी दोन!

पदच्छेद : पुन्हा तेच. रूपं वेगळी आहेत.