मदत हवी आहे: लेसच्या शालीत टाके चुकतात, खालची कड आखडली आहे

गुंडाळी
शेटलंडच्या 'ओल्ड शेल' नक्षीची (लाटांची जाळीदार नक्षी) लांबट शाल विणते आहे. लोकर ४ प्लाय, १०० ग्रॅमला साधारण ४०० मीटर, एकूण २०० ग्रॅम. लेबलवर फक्त 'बेबी वूल' एवढंच आहे. सुई गोल, स्टीलची, ६ नंबर. टाके ७८: १८ टाक्यांची नक्षी चार वेळा आणि दोन्ही कडांना ३-३ टाके, जे कायम सुलट.

पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी ओळ उलट (कडेचे ३-३ सोडून). तिसऱ्या ओळीत नक्षी: दोनाचा एक असं ३ वेळा, मग (लोकर पुढे, १ सुलट) ६ वेळा, परत दोनाचा एक ३ वेळा. चौथी ओळ सगळी सुलट. मग पुन्हा पहिलीपासून.

६० सेंमी झालं आहे, त्यात ७२ ग्रॅम लोकर गेली. अडचणी अशा:
१. कधी ७९ टाके भरतात, कधी ७७. चूक नेमकी कुठे होते ते सापडत नाही.
२. काही जाळ्या (लोकर पुढे घेतल्याने पडणारी भोकं) मोठ्या, काही जवळजवळ बंद.
३. टाके घातले ती कड इतकी घट्ट आहे की लाट दिसतच नाही, खालून शाल गोळा होते.
सगळं उसवावं लागेल का?

उलटसुलट
उसवू नका. आधी हिशेब बघा. एका नक्षीत ६ टाके कमी होतात आणि ६ जाळ्यांनी तेवढेच वाढतात. तिसरी ओळ संपल्यावर प्रत्येक १८ टाक्यांत ३, १२, ३ अशी वाटणी दिसली पाहिजे: ३ जोड (दोनाचा एक केलेले टाके), मग जाळी-सुलट-जाळी-सुलट असे १२, परत ३ जोड.

७९ येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सातवी जाळी. या नक्षीत जाळी *आधी* येते आणि सुलट टाका *नंतर*. त्यामुळे सहावा सुलट टाका विणला की लगेच दोनाचा एक करायचा, मधे लोकर पुढे आणायची नाही. हाताला लय लागली की तिथे हमखास एक जास्तीची जाळी पडते. ७७ ची गोष्ट उलटी: तिसऱ्या जोडीनंतरची पहिली जाळी राहून जाते, किंवा चौथ्या ओळीत ती सुईवरून घसरते.

सगळे ७८ टाके ओळीच्या शेवटी मोजण्यात अर्थ नाही. दर १८ टाक्यांनंतर सुईवर मार्कर (खुणेची कडी) घाला. मार्कर नसेल तर वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्याची गाठ मारलेली कडी चालते. या नक्षीत मार्करच्या दोन्ही बाजूंना जोड टाके येतात, जाळी येत नाही, म्हणून तो इकडेतिकडे सरकत नाही. चौथी ओळ विणताना प्रत्येक घरात १८ मोजत जायचं.

राहिलेली जाळी चौथ्या ओळीत कळली तर दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर पुढून मागे उचला आणि नेहमीसारखा समोरूनच विणा. मागच्या बाजूने विणलात तर पीळ पडून भोक बंद होईल. ही जाळी जरा लहान दिसते, पण शाल ताणून वाळवल्यावर ओळखू येत नाही. दोन-तीन नक्ष्यांनंतर कळलं तर जाळीचा नाद सोडा. टाक्यांचा आकडा मात्र लगेच दुरुस्त करा, नाहीतर पुढची प्रत्येक लाट एका टाक्याने सरकत जाईल.

बंद जाळ्यांचं कारण बहुतेक हेच: लोकर सुईवर कधी पुढून मागे जाते, कधी मागून पुढे. उलट दिशेने घेतलेल्या वेढ्याचा पुढचा पाय (सुईच्या पुढे असलेली धाग्याची बाजू) उलट्या बाजूला येतो आणि चौथ्या ओळीत तो पिळला जातो. दोन सुयांच्या मधून लोकर पुढे आणायची आणि पुढचा टाका सरळ सुलट विणायचा. वेढा आपोआप पडतो, वेगळा घ्यावा लागत नाही.

बारा_नंबर
सुई ६ नंबर म्हणता, तो आपला ६ की नमुन्यातला? आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक होते: ६ म्हणजे ५ मिमी, ८ म्हणजे ४, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकन नंबर नेमके उलटे चालतात, त्यांचा ६ म्हणजे ४ मिमी. इंटरनेटवरचे नमुने बघून सुई घेताना मिलिमीटरच बघावेत.

गुंडाळी
नमुना अमेरिकन आहे आणि सुई इथलीच, ६ नंबरची. म्हणजे ५ मिमी झाली.

बारा_नंबर
मग नमुन्याप्रमाणे ८ नंबर हवी होती. पण घाबरू नका, ४ प्लायच्या लेसला ५ मिमी चालून जाते. शाल थोडी रुंद आणि झुळझुळीत होईल इतकंच. मात्र सैल टाका आणि गुळगुळीत स्टील एकत्र आलं की जाळ्या घसरणारच. शक्य असेल तर त्याच मापाची बांबूची सुई घ्या, ती टाके धरून ठेवते. मधेच माप बदलू नका, अर्धी शाल वेगळी दिसेल.

आणि दर १६ ओळींनी सुरक्षा-दोरा घाला, म्हणजे उसवावं लागलं तरी टाके तिथे अडतात. बारीक, गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईत ओवून दुसऱ्या ओळीनंतर सगळ्या टाक्यांतून काढायचा; मार्करमधून नाही, नाहीतर मार्कर तिथेच अडकून बसतो. दुसरीच ओळ का? तिथे जाळ्या नसतात, टाके साधे आणि मोजून घेतलेले असतात. लोकरीचा दोरा वापरू नका, त्याची लव शालीत गुंतते. दोरा घातला नसेल आणि उसवायची वेळ आलीच, तर आधी १२ नंबरच्या सुईने खालच्या एखाद्या साध्या ओळीतल्या ७८ टाक्यांचा उजवा पाय उचला, मग उसवा. आधी उसवून मग टाके शोधायला गेलात की संपलं.

लोकरवेडी
कडेबद्दल. एक गैरसमज सगळीकडे दिसतो: टाके घालताना जाड सुई घेतली की कड सैल होते. लांब शेपटीच्या पद्धतीत (लोकरीचं लांब टोक सोडून टाके घालतात ती) जाड सुईने फक्त टाका उंच होतो. दोन टाक्यांमधलं *अंतर* लहान असेल तर कड घट्टच राहते. प्रत्येक टाक्यानंतर सुईवर बोटाचं टोक ठेवून जागा सोडायची. किंवा टाका विणून सुईवर चढवायची पद्धत वापरायची. लेसला मला तीच बरी वाटते.

घातलेली कड मात्र बदलता येते. तुमची पहिली ओळ सगळी सुलट आहे, ही सोयच झाली. त्या ओळीचे टाके बारीक सुईवर उचला, त्याच्या खालच्या ओळीतला एक धागा मध्यावर कापा आणि बोथट सुईने दोन्हीकडे हळूहळू सोडवत जा. खालून मोजताना एक टाका कमी भरेल. ते तसंच असतं, कडेला एक उचलून घ्या. मग नवी लोकर जोडून टाके सैल बंद करा: दोन टाके सुलट विणा, दोन्ही डाव्या सुईवर परत घ्या, मागच्या बाजूने एकत्र विणा. पुढचा एक टाका विणा, पुन्हा दोन्ही परत घ्या, एकत्र विणा, असं शेवटपर्यंत. ही कड ताणली की लाट मोकळी होते.

उलटसुलट
एक भर: काही जण प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घेतात, कड साखळीसारखी सुबक दिसावी म्हणून. स्वेटरला ठीक, लेसला नको. तिथे दोन ओळींना मिळून एकच टाका होतो, मग वाळवताना शाल ताणली की मधला भाग लांबतो आणि कड मागे राहते.

लोकरवेडी
उचललेला टाका सैल ठेवला तर चालतो. पण सैल ठेवणं सगळ्यांना जमत नाही, हे खरं.

गुंडाळी
पहिला टाका मी विणतेच आहे. पुढचा प्रश्न: 'बेबी वूल' खरी लोकर की ॲक्रिलिक, हे कसं ओळखायचं? आणि शाल ताणून वाळवताना त्याने काय फरक पडतो?

बारा_नंबर
बोटभर धागा चिमट्यात धरून जाळा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, राख बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

लोकर निघाली तर: कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, २०-३० मिनिटं नुसती बुडवून ठेवा. चोळू-पिळू नका, गरम पाणी आणि घर्षणाने लोकरीचे खवले अडकून ती नमद्यासारखी घट्ट होते. उचलताना खालून हात द्या, ओलं वजन जाळ्या लांबवतं. टॉवेलात गुंडाळून दाबा. मग गादीवर चादर टाकून शाल ताणून पसरा आणि न गंजणाऱ्या टाचण्या लावा. आधी चार कोपरे, मग लांब कडा. शेवटी लाटेच्या कडेला, जिथे कड आपणहून बाहेर येते तिथेच टाचणी. जिथे आत जाते तिथे ओढू नका. पूर्ण वाळेपर्यंत काढायची नाही. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात.

ॲक्रिलिक असेल तर पाण्याने काही साधत नाही, सुटल्यावर परत आक्रसतं. त्याला वाफ लागते. इस्त्री २-३ सेंमी वर धरून नुसती वाफ सोडायची, टेकवायची नाही. जास्त झाली तर धागा कायमचा लुळा पडतो. आधी ४२ टाक्यांचा तुकडा विणून त्यावर बघा (दोन नक्ष्या आणि कडा).

लोकरवेडी
आणखी एक, अजून वेळ आहे म्हणून. या नक्षीच्या लाटा एकाच दिशेला वळतात, त्यामुळे दोन टोकं सारखी दिसत नाहीत: एका टोकाला जिथे फुगवटा, दुसऱ्या टोकाला तिथेच खोलगट. म्हणून शाल दोन अर्ध्यांत विणून मधे बोथट सुईने टाक्याला टाका जोडतात. तुमचा झालेला भाग पहिला अर्धा धरा. ६० सेंमीला ७२ ग्रॅम, म्हणजे ८० सेंमीला ९६. अर्ध्याला १०० ग्रॅम धरले तर नेमकं बसतं, वरचे ४-४ ग्रॅम कड आणि जोडासाठी.

दोन्ही अर्धे *पहिल्या* ओळीनंतर थांबवा. जोडाची ओळ स्वतःच सुलट ओळीसारखी दिसते, म्हणजे दोन उंचवट्यांच्या मधे नेहमीसारख्याच तीन गुळगुळीत ओळी येतात, फक्त जाळीची नसते. जोडायला रुंदीच्या चौपट धागा ठेवा. ५५ सेंमी रुंदी असेल तर सव्वादोन मीटर. धागा प्रत्येक टाक्यातून दोनदा जातो. दर दहा टाक्यांनी थांबून ताण सारखा करा, शेवटी एकदम ओढायला गेलात तर मधे दोरी बांधल्यासारखं दिसेल.

गुंडाळी
धागा जाळून पाहिला: केसांचा वास, राख चुरडली. आज मार्कर आणि सुरक्षा-दोरा घालते, कड दुसरा अर्धा झाल्यावर बदलेन. दुसऱ्या अर्ध्याचे टाके विणून चढवायच्या पद्धतीनेच घालते, पण मग दोन टोकांच्या कडा वेगळ्या दिसतील का?

लोकरवेडी
दिसतील, एक घातलेली आणि एक बंद केलेली. सारख्या हव्या असतील तर दुसरा अर्धा टाकाऊ दोऱ्यावर सुरू करा आणि शेवटी दोन्ही टोकं त्याच पद्धतीने बंद करा. टाकाऊ दोरा सुती आणि गडद रंगाचा घ्या, उसवताना सोपं जातं.