मदत हवी आहे: मूळ मालिका अर्धवट सोडून थेट 'डेड सिटी' सुरू केली तर समजेल का?

'द वॉकिंग डेड' ही झॉम्बींची मालिका मी सातव्या सीझनच्या पहिल्याच भागात सोडली. खलनायक नेगननं बॅटनं ग्लेनचं डोकं फोडलं, आणि बाहेर आलेल्या डोळ्यानं ग्लेन आपल्या बायकोला, मॅगीला हाक मारतो... टीव्ही बंद केला तो केलाच. 2016 ची गोष्ट.

आता तिचीच पुढची मालिका, 2023 ची 'डेड सिटी' सुरू केलीय. मॅनहॅटनच्या गच्च्यांवरून झॉम्बी धपाधप रस्त्यावर पडतात तो प्रसंग एकदम आवडला. पण तीच मॅगी, पळवून नेलेल्या मुलासाठी, त्याच नेगनला सोबत घेऊन निघालीय! हे कसं पचवायचं?

लोकांचं मत विचारलं तर दोन टोकं. काही म्हणतात, या जोडीतली धुसफूस हाच मालिकेचा जीव. काही म्हणतात, नेगनला उगाच हिरो केलंय. मला दुसरं पटतं, पण मधलं काही पाहिलेलंच नाही, त्यामुळे माझ्या मताला काय अर्थ?

मूळ मालिकेचे 177 भाग आहेत, सगळे बघणं शक्य नाही. नेगन आणि मॅगीचं नातं कळायला नेमके कोणते भाग बघू? की थेट पुढे जाऊ? कृपया शेवट फोडू नका.