चांद्रयानाची प्रतिकृती तिरुपतीला नेली, यात चुकलं काय? विज्ञान आणि देवाचा शोध यावर चर्चा

मृदगंध

१३ जुलै २०२३ला, म्हणजे चांद्रयान-३च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, इस्रोच्या शास्त्रज्ञांचं एक पथक यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुमलाला दर्शनाला गेलं. २३ ऑगस्टला त्यातलं विक्रम, म्हणजे उतरणारं यान, चंद्रावर उतरलं. त्यानंतर तेव्हाचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ तिरुअनंतपुरमच्या भद्रकाली मंदिरात गेले. आपण शोध घेणारे आहोत, चंद्राचाही शोध घेतो आणि आतल्या जगाचाही, अशा अर्थाचं ते तिथे पत्रकारांशी बोलले. हा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही आवाज चढतात, म्हणून इथे मांडते. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते.

कुणी देवळात जावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझा आक्षेप दोन्ही शोध एकाच तागडीत घालण्याला आहे. रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता ज्यात नाही, त्याला मी शोध म्हणणार नाही. ७ सप्टेंबर २०१९ला चांद्रयान-२चं विक्रम चंद्रावर आदळलं. ते का आदळलं हे पुढे सोमनाथ यांनीच जाहीरपणे सांगितलं: इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या, यानाला वळण्याचा वेग कमी पडला, आणि उतरायची जागा जेमतेम ५०० बाय ५०० मीटरची होती. पुढच्या यानासाठी तीच जागा चार बाय अडीच किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. अपयशाने काय दुरुस्त करायचं ते सांगितलं. उड्डाणाआधी दर्शन घेण्याची प्रथा इस्रोत जुनीच आहे, आणि तिच्यानंतर यशही आलंय, अपयशही. देवाच्या शोधात "इथे हरलो" असं कधी आणि कुणी म्हणतं?

मंगळवेढेकर

तुकोबा म्हणतात, ताई.

मी वारकरी घरातला, शेती करतो. तुकोबांची गाथा उघडून बघा. देव भेटत नाही म्हणून माणूस रडलाय, भांडलाय, विठ्ठलाला तोंडावर नावं ठेवलीत. एका अभंगात तर आपल्या लेखी देव मेला, असं म्हणून टाकलंय. यापेक्षा स्पष्ट अपयश कसं नोंदवायचं? आणि ही नोंद कुणी पुसली नाही, गाथेत तशीच ठेवली. आमच्या दिंडीत ते अभंगही तितक्याच प्रेमाने म्हणतात.

इस्रोवाले प्रतिकृती घेऊन गेले, ते वळणाच्या वेगाचा हिशोब बालाजीवर सोपवायला नव्हे. हिशोब त्यांनी आधीच केला होता. वर्षानुवर्षांचं काम उद्या डोळ्यांसमोरून उडणार, तेव्हा माणूस कुणापुढे तरी वाकतो. यात विज्ञानाचं काय गेलं?

विवेकवाट

गेलं ते शाळेतल्या मुलांचं. टीव्हीवर पूजा आणि उड्डाण एकापाठोपाठ दाखवलं की मूल कार्यकारणभाव त्या क्रमाने लावतं. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे राज्यघटनेच्या कलम ५१-अ नुसार प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. ते इस्रोच्या पथकाने पाळायचं नाही तर कुणी?

२१ सप्टेंबर १९९५ आठवतो? देशभर गणपती दूध पितोय म्हणून रांगा लागल्या होत्या. सोंडेला चमचा टेकवला की दूध कमी व्हायचं. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा दिसलं की दूध पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळतं. एवढं साधं होतं ते. पण रांगेत उभ्या असलेल्यांत शिकलेली माणसं कमी नव्हती.

दुसरं उदाहरण पुण्याचं. जयंत नारळीकरांनी २००८मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने फलज्योतिषाची चाचणी घेतली. काही कुंडल्या हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. ही अशी चाचणी देवाची घ्यायला श्रद्धावान तयार आहेत का?

रातपाळी

तशी चाचणी झालेली आहे. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही.

अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर हा अभ्यास झाला, २००६मध्ये प्रसिद्ध झाला. तीन गट केले. प्रार्थना होईल की नाही हे पहिल्या दोन गटांना माहीत नव्हतं. ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के, झाली नाही त्यांच्यात ५१. तिसऱ्या गटाला आपल्यासाठी प्रार्थना होणार हे आधीच सांगितलं होतं, त्यांच्यात ५९. आपली तब्येत एवढी वाईट आहे का, या धास्तीने ते झालं असावं असा एक अंदाज मांडला गेला.

हे सगळं मला पटतं. तरी चादर बदलताना उशीखाली अंगाऱ्याची पुडी, ताईत, दर्ग्यातला धागा, मदर मेरीचं चित्र, जे सापडेल ते मी बाजूला ठेवते आणि परत तिथेच सरकवते. एकदा एक काकू व्हेंटिलेटरवरच्या नवऱ्याच्या कपाळाला अंगारा लावत होत्या. तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्या तळहाताचा आडोसा धरला होता. नळीजवळ भुकटी नको, एवढं सांगून मी बाजूला झाले. त्या देवाकडे काही मागत होत्या की नवऱ्याशी बोलत होत्या, हे मला त्यांच्याकडे बघून ठरवता आलं नाही.

संताप येतो तो वेगळ्या ठिकाणी. साप चावलेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेतात, आणि आमच्याकडे आणतात तेव्हा विष भिनलेलं असतं. अशा वेळी उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. तो कायदा यावा म्हणून नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला. देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे, ही भूमिका ते सतत मांडत आले. चर्चेत त्यांचं नाव निघालं की त्यांना नास्तिकांचे पुढारी ठरवलं जातं, ते मला खटकतं.

सोहम्

रातपाळी, त्या अभ्यासात देवाची परीक्षा झालीच नाही. ज्याला गट एक, गट दोन करून तपासता येतं ते औषध असतं. ईश्वर हे साऱ्या अस्तित्वाचं अधिष्ठान आहे. तो पहिल्या गटात हजर आणि दुसऱ्यात गैरहजर, हे गृहीतच चुकीचं.

आणि विज्ञानाच्या टोकाला पोचलेल्यांना हे कळलेलं आहे. पुंज भौतिकीचं मूळ समीकरण मांडणारा श्रोडिंगर उपनिषदांच्या प्रभावाखाली होता. ते समीकरण मांडण्याच्या आदल्या वर्षी, १९२५मध्ये, त्याने वेदान्तावर लिहिलं आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत नटराजाची मूर्ती उभी आहे. जे आपले ऋषी अनुभवाने जाणत होते तिकडेच पुंज भौतिकी वळते आहे. आपण मात्र अजून देव सिद्ध करा म्हणतोय.

मृदगंध

सोहम्, श्रोडिंगरचं वेदान्तप्रेम खरं आहे. पण १९२६चं त्याचं समीकरण टिकलं, ते हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा त्यातून बरोबर निघाल्या म्हणून. निघाल्या नसत्या तर उपनिषदांनी त्याला वाचवलं नसतं, आणि वाचवायला जायचं कारणही नव्हतं. नटराजाची मूर्ती भारत सरकारने २००४मध्ये भेट दिली आहे. ती सुंदर आहे. तिच्यामुळे एकाही कणाचं वस्तुमान ठरलेलं नाही.

मला याहून बोलकं उदाहरण १९७९च्या नोबेलचं वाटतं. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातलं क्षीण बल एकाच सिद्धान्तात बसवल्याबद्दल ग्लाशो, अब्दुस सलाम आणि वाइनबर्ग यांना ते मिळालं. सलाम निष्ठावान मुसलमान, कुराणातून प्रेरणा घेणारे. वाइनबर्ग उघड नास्तिक. गणित दोघांचं एकच. समीकरणाला दोघांच्या श्रद्धेचं काही पडलेलं नव्हतं.

आणि हे एका धर्मगुरूला पुरतं कळलं होतं. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याला आरंभ असावा, ही कल्पना मांडणारे लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१मध्ये पोपनी या सिद्धान्तात सृष्टीच्या निर्मितीचा आधार शोधला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले आणि पोपनी पुन्हा तसं बोलू नये यासाठी त्यांनी प्रयत्न केले. उद्या सिद्धान्त बदलला तर देवाचं काय करणार, हा प्रश्न श्रद्धावानालाच जास्त पडायला हवा.

देव तपासता येत नाही हे तुमचं म्हणणं मी मान्य करून टाकते. मग "नवसाला पावणारा" ही पाटी उतरवायला पुढाकार तुम्ही घ्या. तपासणीच्या बाहेर राहायचं आणि निकालाचं श्रेयही घ्यायचं, हे दोन्ही एकदम जमणार नाही.

सोहम्

ती पाटी माझी नाही. अद्वैतात नवस बसतच नाही. पण सामान्य माणसाला पहिली पायरी लागते.

अवकाशवेडा

नोकरीनिमित्त तिरुअनंतपुरमला असतो. थुंबा इथून जवळच. चुंबकीय विषुववृत्त त्या गावावरून जातं, म्हणून विक्रम साराभाईंना रॉकेटसाठी तीच जागा हवी होती. तिथे मच्छीमारांची वस्ती आणि सेंट मेरी मॅग्डलीन चर्च. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपनी प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढे विषय ठेवला आणि लोकांनी होकार दिला. वस्ती हलली, बिशपच्या घरात कार्यालय आलं, चर्चमध्ये काम सुरू झालं. २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट गेलं. आज त्या चर्चमध्ये अवकाश संग्रहालय आहे.

आपल्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवात श्रद्धावान कोळ्यांनी दिलेल्या प्रार्थनास्थळातून झाली आहे. त्यामुळे देव विरुद्ध विज्ञान ही मांडणी मला इथे राहून तरी पटत नाही.

विवेकवाट

उदाहरण चांगलंच आहे, पण ते माझ्या बाजूचं. त्या लोकांनी जागेचं कारण ऐकून घेतलं आणि ती सोडली. आज एखाद्या रस्त्याच्या रुंदीकरणात आड येणारं देऊळ किंवा दर्गा हलवायचा म्हणा, काय होतं ते बघू.

इंदोरा

नागपूरहून लिहितोय. इथे दोनच पक्ष बोलताहेत: देव आहे म्हणणारे आणि देव सिद्ध करा म्हणणारे. आमच्या घरात प्रश्न तिसराच होता: देव असो वा नसो, त्याच्या दारातून आम्हाला हाकललं का जातं?

२ मार्च १९३०ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पाचेक वर्षं तो चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढे एकवीस वर्षं त्यांनी धर्मांचा अभ्यास केला. मृदगंधताई, शोध याला म्हणतात. धर्म सोडून टाकणं सोपं होतं, पण माणसाला नीती लागते, करुणा लागते, हे त्यांना दिसत होतं. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर त्यांनी जो मार्ग घेतला त्यात ईश्वर नाही, आत्मा नाही, आणि तरी तो पोकळ नाही.

त्या दिवशी माझे आजोबा तिथे होते. गावी परतल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधले आणि कन्हान नदीत सोडले. आजीने देव्हाऱ्याची जागा सारवली आणि तिथे मुलांची पुस्तकं ठेवली. आमच्या घरात रोज संध्याकाळी वंदना होते, मन शांत होतं, माणूस स्वतःकडे बघायला शिकतो. हे अध्यात्म नाही असं कुणी म्हणावं. यासाठी कुठली प्रतिकृती कुणापुढे ठेवावी लागत नाही.

रातपाळी

इंदोरा, पुस्तकांची जागा वाचून थांबले. धन्यवाद.

मंगळवेढेकर

दादा, तुमच्या लिहिण्यावर उत्तर द्यायला मला संकोच वाटतो, तरी देतो. मी ज्या गावचा, तिथेच गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले अशी आमच्याकडे परंपरा आहे. त्यांची समाधी पंढरीत महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर. आयुष्यभर ज्याला आत घेतलं नाही त्याच्या समाधीला आधी नमस्कार करून आम्ही आत जातो. ही लाज आमची आहे, विठ्ठलाची नाही.

पण पंढरीचं दार कुणी उघडलं? १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तिथे प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा ते उघडलं. गुरुजी श्रद्धावान होते. श्रद्धेनेच श्रद्धेला जाब विचारला. देव काढून टाकला असता तर गुरुजींनी कुणाच्या नावाने जीव पणाला लावला असता?

इंदोरा

माणसाच्या नावाने. बाबासाहेबांनी तेच केलं.

गुरुजींबद्दल मनापासून आदर आहे. पण दार उघडणारा श्रद्धावान होता तसे ते बंद ठेवणारेही श्रद्धावानच होते, आणि बंद ठेवणाऱ्यांचीही विठ्ठलावर भक्ती होती. देव एकच, दोन्ही बाजूंना. मग बरोबर कोण हे ठरवलं कशाने?

मंगळवेढेकर

मी म्हणेन विठ्ठलाने. तुम्ही म्हणाल विवेकाने. यंदा आषाढीला दिंडीत मुक्कामाच्या ठिकाणी आमच्या महाराजांपुढे तुमचा प्रश्न जसाच्या तसा मांडतो. ते काय म्हणतात ते इथे लिहीन. पटलं नाही तर तेही लिहीन.