मदत हवी आहे: हेड ऑफिस पुण्यात, युनियन माझ्या केबिनमध्ये. बोलायचं कुणी?

जळगाव एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या कंपनीत एचआर मॅनेजर आहे. प्लांट तीन: जळगाव, धुळे, चाकण. आमच्याकडे 180 कायम कामगार, ठेकेदाराचे वेगळे. आतापर्यंत युनियनशी बोलणी, सुट्ट्या, चार्जशीट सगळं इथेच निघायचं. यंदा पुण्यात ‘एम्प्लॉयी रिलेशन्स सेल’ झालाय. तक्रार पोर्टलवर टाका, उत्तर तिकडून येईल.

असं का केलं तेही सांगतो, नाहीतर रडगाणं वाटेल. धुळ्याच्या मॅनेजरने नाइट शिफ्टचा भत्ता तोंडी 20 रुपयांनी वाढवून टाकला. दुसऱ्याच दिवशी आमचे कमिटी मेंबर माझ्या टेबलापुढे, हातात धुळ्याहून आलेला व्हॉट्सअॅप मेसेज. एका प्लांटने दिलं की तिन्हीकडे द्यावं लागतं, हे पुण्याचं म्हणणं मला मान्य आहे.

पण सुट्ट्यांची यादी आली तर त्यात गौरी विसर्जन आहे, आखाजी (अक्षय्य तृतीया) नाही! खान्देशात आखाजीला कामावर बोलावणं म्हणजे काय, ते पुण्यात बसून कळायचं नाही. “साहेब, आखाजीले सुट्टी नही?” फिटरने विचारलं. “वर कळवलंय,” एवढंच मी म्हणू शकलो. आखाजीच्या दिवशी एक्स्ट्रूडरच्या (पाइप काढणाऱ्या मशीनच्या) चारपैकी एक लाइन चालली. संध्याकाळी पुण्याचा मेल: गैरहजरांना शोकॉज (कारणे दाखवा नोटीस) द्या.

त्याआधी मार्चअखेर शुक्रवारी मेल, सोमवारपासून पहिली पाळी 6 ऐवजी 7 ला, सगळीकडे एकसारखी. म्हणजे दुपारी 3 ला सुटून 44 डिग्रीत सायकल मारायची. पाळीची वेळ बदलायची तर कायद्याने 21 दिवसांची नोटीस लागते, हे दाखवून तो मेल कसाबसा थांबवला.

खरी बोच वेगळीच. युनियनचे सेक्रेटरी गेल्या आठवड्यात आले, चहा घेतला, मागण्यांची फाइल उघडलीच नाही. “तुमच्या हातात काही नाही भाऊ, तुम्हाला कशाला त्रास?” आता ते थेट पुण्याला फोन करतात. डिसेंबरमध्ये युनियनबरोबरचा करार संपतोय. कुणी असा बदल पाहिलाय का? हेड ऑफिसकडून काय मागून घेऊ?

प्रतिसाद
नाशिकला हेच भोगलंय. पगारवाढ, भत्ते, कराराची मुदत पुण्याकडेच राहू द्या, त्यात तुमचंच संरक्षण आहे. सणाच्या दोन-तीन सुट्ट्या, पाळ्यांच्या वेळा, कँटीन, किरकोळ शिस्त हे लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासनावर अजिबात राहू नका. 20 किंवा जास्त कामगार असले की तक्रार निवारण समिती लागतेच, तिच्यात दोन्ही बाजूंचे सभासद सारखे. तिचं काम पोर्टल करू शकत नाही, हा मुद्दा तिकडच्या लीगलला लगेच कळतो. आणि करार समेट अधिकाऱ्यासमोरच (वादात तडजोड घडवणारा सरकारी कामगार अधिकारी) करा. तो सगळ्या कामगारांना लागू होतो. खासगीत केलेला फक्त सह्या करणाऱ्या पक्षांवर बंधनकारक.

धागाकर्ता
समितीचं डोक्यातच आलं नाही, आमची कागदावरच आहे. बोलणीत पुण्याचा माणूस असेल, पण टेबलावर आधी मी बोलणार, एवढं मागून बघतो. अधिकारपत्राचा नमुना कुणाकडे आहे का? सेक्रेटरींना सोमवारी परत चहाला बोलावलंय, फाइल घेऊन या म्हटलंय.