किंग काउंटीची ज्येष्ठांसाठीची लेव्ही : 1 ऑगस्ट 2023 ला होकार द्यावा की नकार?

सॅमॅमिशकर

सिॲटल परिसरातल्या किंग काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) राहणाऱ्या आणि मताधिकार असलेल्या सर्वांच्या घरी आता मतपत्रिका पोहोचल्या असतील. 1 ऑगस्ट 2023 पर्यंतचा टपालाचा शिक्का पडेल अशा बेताने त्या टपालाने पाठवायच्या किंवा त्या दिवशी रात्री 8 वाजेपर्यंत मतपेटीत टाकायच्या आहेत. मतपत्रिकेवरचा पहिला प्रस्ताव माजी सैनिक, ज्येष्ठ नागरिक आणि अडचणीतील कुटुंबे यांच्या सेवांसाठी असलेल्या मालमत्ता कराच्या, म्हणजे लेव्हीच्या, नूतनीकरणाचा आहे. हा कर 2024 पासून सहा वर्षे आकारला जाईल आणि पहिल्या वर्षी काउंटीने ठरवलेल्या घराच्या मूल्यावर दर हजार डॉलरला 10 सेंट असेल. 2005 मध्ये तो माजी सैनिकांच्या नावाने सुरू झाला, 2011 मध्ये त्याचे नूतनीकरण झाले आणि 2017 मध्ये मतदारांनी त्यात ज्येष्ठांचा स्वतंत्र वाटा जोडला. माझ्या घराचे मूल्य 13 लाख डॉलर धरले आहे, म्हणजे माझ्यावर पहिल्या वर्षी 130 डॉलरचा भार पडेल. मी होकार देणार आहे आणि त्यामागचे कारण मोकळेपणाने सांगते.

वडील गेल्यानंतर 2019 मध्ये आई आमच्याकडे कायमची राहायला आली. सांगलीत तिचा दिवस शेजारपाजार, देऊळ, भाजीवाली आणि भिशी यांत भरून जात असे. इथे आम्ही दोघे कामावर आणि मुले शाळेत गेली की रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही; बस नाही, पायी जाण्याजोगे दुकान नाही, आणि इंग्रजी बोलण्याचा तिला आत्मविश्वास नाही. पहिल्या हिवाळ्यात ती दुपारी चार वाजता दिवे लावून दाराकडे तोंड करून बसलेली असायची. जवळच्या सीनियर सेंटरची गाडी तिला आठवड्यातून दोनदा न्यायला लागली, तेव्हापासून तिला पुन्हा वारांची नावे आठवू लागली. तिथे तिला व्यायामाचा वर्ग आणि जेवण मिळाले, रक्तदाब तपासणारी परिचारिका भेटली, आणि एक पंजाबी व एक तैवानी मैत्रीणही मिळाली. ग्रीन कार्डावर आलेल्या पालकांना इथे सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा विकतदेखील घेता येत नाही. त्या काळात अशा स्थानिक सेवा किती मोलाच्या असतात, हे ज्यांच्या घरी आईवडील आहेत त्यांना सांगायला नको.

बेलव्ह्यूचा रहिवासी

आपल्या आईंचा अनुभव वाचून खरोखर बरे वाटले आणि अशी केंद्रे चालावीत याबद्दल माझे दुमत नाही. तरीही मी नकार देणार आहे, कारण ‘नूतनीकरण’ या शब्दाआड जे घडते आहे ते मला मान्य नाही.

2017 मध्ये हीच लेव्ही मतदारांपुढे आली तेव्हा सहा वर्षांत सुमारे 35 कोटी डॉलर जमा होतील असा अंदाज होता. या वेळचा अंदाज 56 कोटींहून अधिक आहे. दर दोन्ही वेळी 10 सेंट असल्यामुळे काहीच बदलले नाही असे वाटते, पण मधल्या काळात घरांच्या किमती किती वाढल्या हे आपण सगळे जाणतो. दीडपटीहून अधिक रक्कम मागायची असेल तर तसे ठळकपणे सांगावे आणि वाढीव पैशातून कोणती नवी सेवा उभी राहणार तेही सांगावे.

दुसरे असे की हा प्रस्ताव एकटा येत नाही. एप्रिलमध्येच मानसिक आरोग्याच्या संकट-केंद्रांसाठी दर हजारी साडेचौदा सेंटांची लेव्ही मंजूर झाली आणि ती नऊ वर्षे चालणार आहे. मुलांच्या कार्यक्रमांची, उद्यानांची आणि रुग्णवाहिकांची लेव्ही वेगळी आहे, शिवाय 2016 मध्ये मंजूर झालेला रेल्वेसाठीचा मालमत्ता कर आहेच. 1 जुलैपासून पगारातून दीर्घकालीन शुश्रूषेच्या राज्य निधीसाठी 0.58 टक्के कापले जाऊ लागले, तेही म्हातारपणासाठीच. यांतली प्रत्येक रक्कम वेगळी पाहिली तर लहान दिसते, म्हणून प्रत्येक वेळी होकार मिळतो; मात्र एकूण भार किती झाला याचा हिशेब एकाही मतपत्रिकेवर नसतो.

तिसरा मुद्दा नावाचा आहे. आपण याला ज्येष्ठांची लेव्ही म्हणत आहोत, पण 2017 च्या रचनेत पैशाचे तीन समान वाटे होते आणि ज्येष्ठांचा वाटा त्यांतला एक. आपल्या 130 डॉलरमधले 43 ज्येष्ठांकडे जाणार असतील, तर सीनियर सेंटरच्या जेवणाचे उदाहरण देऊन पूर्ण रकमेचे समर्थन होत नाही.

केंटची हिशेबनीस

मी ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे हिशेब पाहते, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही हे आधीच सांगते. तरी बेलव्ह्यूच्या रहिवाशांनी मांडलेल्या पहिल्या मुद्द्यात एक अर्धवट समज आहे आणि एक गोष्ट अगदी बरोबर आहे. दोन्ही नोंदवायला हव्यात.

वॉशिंग्टन राज्यात घराची किंमत वाढली म्हणून कर आपोआप त्याच प्रमाणात वाढत नाही. करातून गोळा करायची एकूण रक्कम आधी ठरते आणि ती सर्व मालमत्तांवर वाटली जाते, म्हणून किमती वाढल्या की दर खाली येतो. मतदारांनी वेगळी परवानगी दिली नाही तर नेहमीच्या करातून येणारी रक्कम, नवे बांधकाम वगळता, वर्षाला 1 टक्क्याहून अधिक वाढवता येत नाही. या लेव्हीला साडेतीन टक्क्यांपर्यंत वाढ घेता येते. किमती त्याहून वेगाने वाढल्यामुळे या लेव्हीचा प्रत्यक्ष दर सहा वर्षांत 10 सेंटांच्या खाली उतरला होता. आता तो पुन्हा 10 वर आणला जात आहे, म्हणून ही वाढ आहे हे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि प्रचारपत्रकांत ‘दर तोच’ एवढेच सांगणे मलाही अपुरे वाटते.

पण वाढ कशासाठी, याचे उत्तर मी माझ्या वहीतून देऊ शकते. 2022 मध्ये या भागातली महागाई 9 टक्क्यांच्या आसपास होती. आमच्या स्वयंपाकघरातल्या तेलाचा, भाज्यांचा आणि गाडीच्या विम्याचा खर्च कोणत्याही टक्क्याची मर्यादा पाळत नाही. गाडी चालवणाऱ्याला ताशी जे देतो त्याहून अधिक त्याला गोदामात मिळते, त्यामुळे गेल्या वर्षी आमचे दोन चालक गेले. ज्या दिवशी चालक नसतो त्या दिवशी केंद्र उघडे असते, जेवण शिजलेले असते आणि खुर्च्या रिकाम्या असतात. केंद्र सरकारचा 1965 चा ज्येष्ठ नागरिक कायदा जेवणासाठी थोडे पैसे देतो, पण त्यावर कोणतेही केंद्र चालत नाही. लेव्ही नाकारली गेली तर 31 डिसेंबरला करार संपेल आणि माणसांची मोडलेली घडी पुढच्या निवडणुकीपर्यंत पुन्हा बसणार नाही.

रांगेतला घरमालक

मी रेडमंडमध्ये 2015 साली घर घेतले. दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये कराचे दोन हप्ते भरतो, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असल्यामुळे या प्रस्तावावर मला मत देता येत नाही. माझ्यासारखी शेकडो मराठी घरे सिॲटलच्या पूर्वेकडच्या या गावांत असतील. ज्या सेवेसाठी मी पैसे देतो तिचा माझ्या आईवडिलांना उपयोगही होत नाही, कारण ते पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी येतात. म्हणून माझी एक विनंती आहे: ज्यांना मत आहे त्यांनी ते देताना ‘आपले पैसे’ असा विचार करू नये, कारण त्यांत मत नसलेल्यांचे पैसेही आहेत. मला मत असते तर मी बहुधा होकारच दिला असता, पण तो माझ्याकडून विचारून घेतला गेला असता.

सॅमॅमिशकर

आपली खंत अगदी रास्त आहे. एक गोष्ट मात्र कळवते: आईच्या केंद्रात नाव नोंदवताना वय आणि पत्ता विचारला होता, व्हिसा विचारला नव्हता. आईवडील इथे असतील तेव्हा जवळच्या केंद्रात चौकशी करून पाहावी.

इसाक्वाचा जुना माणूस

मी स्वतः 71 वर्षांचा आहे, 1986 पासून इथे आहे आणि नकाराच्या बाजूने लिहितो आहे, याचे काहींना आश्चर्य वाटेल. घर फेडून झाले आहे. उत्पन्न म्हणजे सोशल सिक्युरिटीचे सरकारी निवृत्तिवेतन आणि थोडी बचत. घराचे मूल्य कागदावर दहा लाखांच्या पुढे गेले, पण त्या कागदाचा भात होत नाही. मालमत्ता कराचा पाया घराची किंमत हा असल्यामुळे तो माणसाच्या आजच्या ऐपतीकडे पाहत नाही. या राज्यात आयकर नाही, म्हणून सरकारला जे काही हवे ते घरावरून किंवा दहा टक्क्यांच्या विक्रीकरातून घेतले जाते, आणि दोन्हींचा ताण निवृत्त माणसाला अधिक जाणवतो. ज्येष्ठांच्या सेवेसाठी ज्येष्ठांच्याच घरावर कर बसवणे हा मला विचारातला दोष वाटतो.

केंटची हिशेबनीस

काका, आपण 61 किंवा अधिक वयाच्या मालकांसाठी असलेल्या करसवलतीचा अर्ज केला आहे का? मतपत्रिकेवरच्या मजकुरातच लिहिले आहे की ही सवलत मिळणारे ज्येष्ठ, अपंग माजी सैनिक आणि इतर अपंग व्यक्ती या लेव्हीतून वगळल्या जातील. किंग काउंटीत आतापर्यंत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 58,423 डॉलर होती. यंदा विधिमंडळाने कायदा बदलून ती काउंटीच्या मध्यम कौटुंबिक उत्पन्नाच्या 70 टक्क्यांशी जोडली आहे, त्यामुळे 2024 पासून ती बरीच वर जाईल. सवलत मिळाली की घराचे करपात्र मूल्यही गोठवले जाते. आमच्या केंद्रात येणाऱ्यांपैकी अनेकांनी केवळ फॉर्म किचकट वाटतो म्हणून अर्ज केलेला नसतो.

इसाक्वाचा जुना माणूस

सवलत आहे हे ठाऊक होते. या लेव्हीतूनही सूट मिळते आणि मर्यादा वाढणार आहे, हे ठाऊक नव्हते. मागील वेळी माझे उत्पन्न थोडक्यात वर गेले होते. माहितीबद्दल आभारी आहे. पण यावरून माझा मुद्दा अधिकच पक्का होतो: जो हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, तो ज्याला फॉर्म भरता येतो त्यालाच मिळतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तो कोण भरून देणार?

पुण्याहून वाचक

मी पुण्यात राहतो आणि मुलगी तिकडे असल्यामुळे हा धागा वाचतो आहे. आमच्याकडे महापालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत, पण त्यांच्यावर किती खर्च करावा हे आम्हाला कधी कोणी मतपत्रिकेवर विचारलेले नाही. मिळकतकराच्या बिलात सर्वसाधारण कराखाली उपकरांची रांग असते आणि तिच्यातला कोणता रुपया कुठे गेला हे सामान्य माणसाला कळत नाही. यंदा इथे सगळी चर्चा स्वतः राहत असलेल्या घरांची 40 टक्के सवलत परत मिळण्याभोवतीच झाली. केंद्रातल्या गळक्या छताबद्दल कोणी बोलले नाही. सहा वर्षांनी कर आपोआप संपतो आणि मागणाऱ्याला पुन्हा दारात यावे लागते, ही व्यवस्था मला तरी मोठी वाटते. बेलव्ह्यूच्या रहिवाशांनी नकार दिला तरी त्यांचे प्रश्न वाया जाऊ नयेत.

बेलव्ह्यूचा रहिवासी

हिशेबनीस बाईंनी जे स्पष्ट केले त्यामुळे माझे एक वाक्य मागे घेतो: किमती वाढल्या म्हणून आपोआप रक्कम वाढते असे मी सूचित केले होते, ते चूक होते. दर मुद्दाम पुन्हा 10 वर आणला जात आहे. माझ्या दृष्टीने हे अधिक गंभीर आहे, कारण तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. महागाईचा युक्तिवाद मला पटतो, पण दीडपट वाढ केवळ महागाईने भरून निघत नाही. त्यापुढचा वाढीव पैसा घरबांधणीसाठी, मानसिक आरोग्यासाठी आणि इतर गोष्टींसाठी आहे. त्या गोष्टीही चांगल्या असतील, पण मग त्या आईंच्या जेवणाच्या ताटाआडून मागू नयेत.

सॅमॅमिशकर

हा शेवटचा आक्षेप माझ्या मनाला लागला, कारण मी स्वतः आईचे उदाहरण देऊनच सुरुवात केली होती. आईच्या शेजारी जेवायला बसणारा एक गृहस्थ व्हिएतनाम युद्धातला माजी सैनिक आहे आणि वर्षभर गाडीत झोपत होता. त्याला खोली मिळाली ती अशाच घरबांधणीच्या मदतीतून. तोही ज्येष्ठच आहे. तीन वाटे कागदावर वेगळे आहेत, माणसे तशी वेगळी नाहीत. वाढीव रकमेचा वाट्यानुसार हिशेब दरवर्षी सोप्या भाषेत प्रसिद्ध व्हावा, अशी मागणी मी आमच्या काउंटी सदस्याकडे लेखी करणार आहे. बेलव्ह्यूच्या रहिवाशांनी त्यावर सही केली तर पत्राला वजन येईल. माझे मत मात्र होकाराचे आहे, आणि लिफाफ्यावर सही करून तो मी आज सकाळी ग्रंथालयाजवळच्या पेटीत टाकला.

बेलव्ह्यूचा रहिवासी

पत्रावर सही करेन. मत नकाराचेच राहील. इसाक्वाच्या काकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून कोणी दिलेले नाही. माझ्या गल्लीत 80 च्या पुढच्या एक बाई एकट्या राहतात. शनिवारी त्यांच्याकडे तो सवलतीचा फॉर्म घेऊन जाणार आहे. हिशेबनीस बाई, सोबत कोणती कागदपत्रे लागतील तेवढे इथे लिहावे.